उघाडीच्या वळणावर गाद्या

मी एक शेंगदाणा खाल्ला, एवढंच झालं होतं. पण त्या एका दाण्यापायी आमच्याकडची मोटारसायकलची शर्यत एक फेरी आधीच संपली, पेणकर आणि रोहेकर शिमग्यापर्यंत एकमेकांशी बोलेनासे झाले आणि एका बोकडावर नको ती वेळ आली.

शर्यत पाच फेऱ्यांची. संपल्याचा झेंडा त्या वर्षी पहिल्यांदाच माझ्या हातात दिलेला. आधीचा झेंडेवाला फेऱ्या मोजताना चुकायचा म्हणून त्याला काढून मला घेतलं होतं, हे विशेष. मी हुशारी केली. डाव्या मुठीत मोजून पाच भाजलेले शेंगदाणे घेतले. एक फेरी झाली की एक दाणा खाली टाकायचा, मूठ रिकामी झाली की झेंडा पाडायचा. इतकी सोपी युक्ती आजवर एकाही पुरुषाला कशी सुचली नाही, असं मी शेजारच्या चार बायांना ऐकवलंसुद्धा. तिसऱ्या फेरीला पुढचे दोघे हँडलला हँडल घासत माझ्यासमोरून गेले. लोक ओरडले, मी ओरडले, आणि ओरडून झाल्यावर माझं तोंड चालूच राहिलं. आपण काय चावतोय याकडे माझं लक्ष नव्हतं. चौथ्या फेरीला मूठ रिकामी. मी झेंडा पाडला.

पुढे होता तो रोह्याचा गडी. तो थांबला, लोकांनी त्याला खांद्यावर घेतला. मागून येणारा पेणचा गडी मात्र हिशोबाला पक्का. तो थांबलाच नाही. त्याने पाचवी फेरी एकट्याने, दोन्ही बाजूंना हात हलवत, लग्नाच्या वरातीसारखी पुरी केली आणि येऊन म्हणाला, "शर्यत पाचाची. पाच मी एकट्यानं केल्यात. द्या बोकड." बक्षीस बोकडाचं होतं. मोठी भांडाभांडी झाली. शेवटी बोकडाचे दोन वाटे करायचे ठरले. बोकड सोडून सगळ्यांना ते पटलं.

घरी येताना आमच्या ह्यांनी स्कूटर हळू केली. मग म्हणाले, "पुढल्या वर्षी खडे घे मुठीत. खडे खाशील असं वाटत नाय, पण तुझा काय भरवसा."

आमच्या शर्यतीच्या नियमांच्या वहीत पहिला नियम त्या वर्षी लिहिला गेला: झेंडा धरणाऱ्याने शर्यत चालू असताना काही खाऊ नये. वहीत 'धरणाऱ्याने' लिहिलंय, पण तो नियम कुणाच्या नावाचा आहे ते शेंबडं पोरही सांगेल.

तर अशी मी. आमचं दुकान पेणच्या रामवाडीला, हायवेच्या कडेला. पंक्चर, ऑइल, क्लच-ब्रेकच्या वायरी, बारीकसारीक दुरुस्ती. लग्न होऊन आले तेव्हा मला साधी सायकल येत नव्हती. ह्यांना जेवायला डबा न्यायचा आणि डबा संपेपर्यंत उभं काय राहायचं, म्हणून मी ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधायला लागले. दोन वर्षांत चाक खोलायला लागले. तिसऱ्या वर्षी ह्यांच्यापेक्षा मला जास्त कळतं असं माझं मत झालं आणि ते मी येणाऱ्या-जाणाऱ्या गिऱ्हाइकाला सांगू लागले. डोळ्याला काळा गॉगल, कमरेला खोचलेला पदर, हातात पान्हा. तेव्हाचा एक फोटो आहे; तो आता बघितला की वाटतं, या बाईला कुणी थोबाडलं कसं नाही!

शर्यत होते ती पेण आणि रोह्याच्या मधल्या एका गावात. नाव सांगत नाही. गावाचं नाव छापून आलं की आमचे अध्यक्ष हिराजीभाऊ आपला फोटोही छापा म्हणतील. खाडीकाठची खारातली शेतं. भातानंतर तिथं दुसरं पीक येत नाही, जमीन तडकून कडक होते. माघातल्या एका रविवारी मधले बांध फोडून गोल वाट करतात आणि दहा-बारा गाड्या पळवतात. गाड्या म्हणजे काही खास नाहीत. सोमवारी ज्या गाडीवर डबा लटकवून कंपनीच्या पहिल्या शिफ्टला जायचं, तीच रविवारी आरसे आणि दिवे काढून शर्यतीला.

माझं काम दोन. एक झेंड्याचं, ते तुम्हाला कळलं. दुसरं तपासणीचं. शर्यतीच्या सकाळी प्रत्येक गाडी माझ्यापुढे येते. मी ॲक्सिलरेटर पिळते आणि सोडते. सोडल्याबरोबर तो टक्कन मागे फिरला पाहिजे. रेंगाळला तर गाडी बाजूला. पुढचा ब्रेक दाबायला लावते आणि गाडीला मागून गुडघा देते. चाकाच्या तारांवर पान्हा फिरवते. नीट कसलेलं चाक टाळासारखं वाजतं, एक तार ढिली असली तर आवाजात कुणीतरी बेसूर भजनी बसल्यासारखं वाटतं. स्टँड जुन्या ट्यूबच्या रबराने करकचून बांधायला लावते, कारण पळताना स्टँड खाली पडलं तर ते नांगरासारखं जमिनीत घुसतं. सगळं पसंत पडलं की हँडलला लाल ट्यूबची पट्टी बांधते. पट्टी नाही, तर गाडी रेषेवर नाही.

हे सगळं आता. आधी यातलं काही नव्हतं, आणि नव्हतं तेव्हाच खरी मजा होती, असं सगळे म्हणतात. सगळ्यांत मोठ्यांदा मीच म्हणायचे.

आमच्या वहीतला एकेक नियम एकेका माणसाच्या अंगावरून आलेला आहे. लुंगीचा नियम घ्या. एक गडी लुंगी नेसून धावला. दुसऱ्या फेरीत लुंगीचं टोक चेनमध्ये गेलं आणि चेनने ती शांतपणे गुंडाळून घेतली. गडी थांबला नाही. उरलेल्या तीन फेऱ्या त्याने पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीवर पुऱ्या केल्या आणि पहिला आला. पुढच्या वर्षी 'फुल पँट सक्तीची' असा नियम झाला, आणि कितीतरी वर्षं लोक हळहळत होते, "पँट आली आणि शर्यतीची रया गेली." काही बायापण हळहळत होत्या. नावं सांगत नाही.

मग हेल्मेट आलं. वहीत लिहिलं, 'डोक्यावर आयएसआय मार्क असलेलं टोप पाहिजे.' पहिल्या वर्षी बारा गड्यांत मिळून हेल्मेटं चार. एक जण घरून तीन लिटरचा कुकर घेऊन आला. झाकण काढलेला, हनुवटीखाली टॉवेलने बांधलेला, दांडा मागे शेंडीसारखा. मी त्याला अडवला. तो म्हणाला, "काकी, मार्क बघा." बघितलं तर कुकरच्या बुडावर आयएसआयचा मार्क! नियमात बसत होतं. मी पट्टी बांधली. माझ्या मते मी फार कायदेशीर बाई होते. तो पडला नाही, ही त्याच्या आईची पुण्याई. पण शर्यत झाल्यावर कुकर डोक्यातून निघेना. शेवटी खोबरेल तेल लावून दोघांनी ओढला, आणि त्याची आई शेजारी उभी राहून सांगत होती, "डोकं जाऊ दे, कुकरच्या काठाला पोचा आणू नका."

अशा आमच्या सुधारणा. पण एका जागेवर मात्र नियम आला नव्हता. ती जागा म्हणजे उघाडीचं वळण.

खाडीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून मोठा बांध असतो आणि आतलं पाणी बाहेर सोडायला त्या बांधात दार असतं, त्याला आम्ही उघाडी म्हणतो. आमच्या वाटेचा सगळ्यांत लांब सरळ पट्टा त्या दाराकडे धावत जातो आणि ऐन बांधाशी उजवीकडे वळतो. वेळेवर ब्रेक लागला तर वळलात. नाही लागला तर समोर दगडी बांध. निम्मी गर्दी तिथंच उभी असते. मला झेंडा मिळायच्या आधी मीही तिथंच असायचे.

एका वर्षी सकाळी ह्यांनी सगळ्यांदेखत सुचवलं, "त्या वळणावर पेंढ्याचे भारे रचा. एखादा आपटला तर निदान मऊ लागेल." आणि मी, गॉगल कपाळावर चढवून, चारचौघांत म्हणाले, "वळणावर पेंढा लावायचा तर शर्यत कशाला? हळदीकुंकूच ठेवा." काय हशा पिकला! ह्यांनी मान खाली घातली. मला वाटलं, मी केवढी रंगतदार बाई!

त्या दिवशी अष्टमीचा दत्ताराम दगडी बांधावर गेला. अष्टमी हे गाव, रोह्यासमोरचं, पुलापलीकडचं. वीस-एकवीसचा पोरगा होता. गळ्याखालचं हाड मोडलं, खांदा निखळला. जीव वाचला, पण उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. दसऱ्याला गाडीला हार घालायचा तरी डाव्या हाताने घालतो. मला तो कधी एका शब्दाने बोलला नाही. उलट अजून पंक्चर काढायला आमच्याच दुकानात येतो. अष्टमीत पंक्चरवाले नाहीत असं नाही. तो बाकावर बसतो, चहा पितो, आणि मी त्याच्या चाकात डोकं घालून बसते, कारण वर बघावंसं वाटत नाही.

तरीही पेंढा लागला नाही. दत्ताराम पडला त्या वळणाला पुढच्या वर्षी दुप्पट गर्दी झाली, हे खरं आहे आणि लिहिताना बरं वाटत नाही. मीही पुन्हा तो विषय काढला नाही. काढला असता तर माझंच बोलणं लोकांनी मला वाढलं असतं.

आणि गेल्या वर्षी माझी नात रुचिता म्हणाली, "आजी, मी शर्यतीत उतरणार."

रुचिता माझ्या मुलीची मुलगी. वीस वर्षांची. रोह्याकडे एका कंपनीत शिफ्टला जाते, स्वतःच्या गाडीवर. प्लग स्वतः साफ करते, चेन स्वतः ताणते. हे सगळं तिला मी शिकवलं, त्यामुळे ओरडायला जागा नव्हती. आणि एका क्षणात मला उघाडीचा बांध किती दगडी आहे ते कळलं. इतकी वर्षं दुसऱ्यांची पोरं त्यावर जात होती तेव्हा तो एवढा दगडी नव्हता.

मी कमिटीपुढे गेले. कमिटी शाळेच्या ओट्यावर बसते. म्हटलं, उघाडीच्या वळणावर पेंढ्याचे भारे पाहिजेत, नाहीतर मी झेंडा धरणार नाही.

हिराजीभाऊ मिशीत हसले. "काकी, लोकं तिथं वळण बघाया येतात. तुम्ही ते मऊ केलं तर काय बघतील? सरळ रस्ता? तो हायवेला बघतील."

"हायवेला सरळ रस्ता गावला तर मलापण दाखवा," मी म्हटलं.

"नात उतरली म्हणून नियम आला, असं लोक बोलतील हां."

"बोलू देत. खरंच हाय ते."

भाऊ मिशी चाचपू लागले. खरं कबूल केलं की समोरच्याची पंचाईत होते, हे मला म्हातारपणी समजलं. शेवटी ठरलं, एक वर्ष करून बघायचं. लोक अर्ध्यातून घरी गेले, तर पुढच्या वर्षी वळण होतं तसं दगडी. म्हणजे मला दोन गोष्टी सांभाळायच्या होत्या: रुचिताची हाडं आणि लोकांची मजा. हाडं सोपी वाटत होती.

रुचिता आठ दिवस माझ्याशी धड बोलली नाही. "पोरं जन्मभर चिडवतील मला. आणि तू कोण सांगणार? आजोबांनी सांगितलंय मला हळदीकुंकवाचं." मी ह्यांच्याकडे बघितलं. हे वर्तमानपत्रात तोंड घालून बसले होते. वर्तमानपत्र हलत होतं.

शनिवारी दुपारी आम्ही टेम्पोभर पेंढा आणून वळणावर रचला. छातीएवढी भिंत, दोन भारे जाड. मी स्वतः अंग टाकून बघितलं, छान उसळले. घरी येऊन निवांत झोपले.

रविवारी सकाळी वळणावर पोचले तर भिंत नव्हती. भाऱ्यांच्या जागी राखेची काळी वर्तुळं होती, वालाच्या शेंगांची सालं होती, आणि अंड्यांची टरफलं.

आता आमच्याकडचं कुणी वाचत असेल तर त्याला कळलंच. बाहेरच्यांसाठी सांगते. माघात वालाच्या शेंगा भरल्या की आमच्याकडे पोपटी लावतात. मडक्यात शेंगा, बटाटे, अंडी, जमलं तर कोंबडी, वरखाली भांबुर्डीचा पाला. मडकं शेतात उपडं ठेवायचं आणि भोवती पेटवायचं. काय पेटवायचं? पेंढा. माघातल्या शनिवारी, उघड्या शेतात, टेम्पोभर सुका पेंढा मी राखणीशिवाय ठेवून आले होते. मांजराला दूध राखायला बसवायचं तर निदान मांजर तरी बसवावं लागतं. मी तेवढंही केलं नव्हतं.

हिराजीभाऊ आले, राखेकडे बघून म्हणाले, "अरारा. गुरं शिरली वाटतं."

"गुरं अंडी सोलून खातात काय, भाऊ?"

भाऊंच्या शर्टाला भांबुर्डीचा असा घमघमाट सुटला होता की मला त्याही परिस्थितीत भूक लागली.

"काकी, आता इलाज नाय. भारे आणायला दुपार व्हईल. लोक जमलेत. यंदा जाऊ दे, पुढल्या वर्षी बघू."

पुढल्या वर्षी. दत्तारामच्या वेळीही असंच म्हणालो होतो आम्ही. रुचिता पलीकडे गाडीचा स्टँड बांधत होती, हेल्मेट कोपरात अडकवून, गाणं गुणगुणत.

मी रेषेवर गेले, खुर्ची घेतली, झेंडा खुर्चीवर पसरला आणि त्यावर बसले. लाल पट्ट्या पिशवीत होत्या, पिशवी पोटाशी धरली. म्हटलं, "वळण मऊ झाल्याशिवाय मी उठत नाही."

पाच मिनिटं लोकांना गंमत वाटली. दहा मिनिटांनी शिट्ट्या सुरू झाल्या. "काकी उठा!" "अगो, झेंडा अंडी घालतो काय तुझा?" "खुर्चीसकट उचला तिला!" दोघं उचलायला आलेसुद्धा. माझ्या वजनाचा त्यांना अंदाज नव्हता. रुचिता तरातरा आली. तिचे कान लाल झाले होते. "आजी, ऊठ. मी लहान नाय. मला कळतं ब्रेक कधी मारायचा."

"दत्तारामलापण कळत होतं," मी म्हटलं.

हे मी जरा मोठ्यांदा बोलले. मागे गर्दी अडवायच्या दोरीला टेकून खुद्द दत्ताराम उभा होता. आता चाळिशी गाठलेला, केस विरळ झालेले. तो वळला आणि गावाकडे चालू लागला. मला वाटलं, संपलं. इतक्या वर्षांत जे बोलले नाही ते आज नेमकं त्याच्यासमोर तोंडातून गेलं.

पंधरा-वीस मिनिटांनी तो परत आला तो डाव्या खांद्यावर गादी घेऊन. निळ्या पट्ट्यांची, डबल, कापसाची, चांगली गुबगुबीत. मागे पदर खोचून कुंदावहिनी. कुंदावहिनी म्हणजे हिराजीभाऊंची बायको.

"अगो, ती माझी गादी!" भाऊ ओरडले.

"तुमचीच," वहिनी म्हणाल्या. "घरचं जेवण झाकून ठेवलंवतं, ते सोडून पेंढा जाळीत बसलात ना? आता झोपा जमिनीवर." मग गर्दीतल्या बायांकडे वळून म्हणाल्या, "गो, तुझा पण होता ना पोपटीला?"

"व्हय तर! अंगाला वास येतोय अजून."

"मग आण त्याची गादी."

त्यानंतर काय झालं ते मी खुर्चीत बसूनच बघितलं. बाया गावात पळाल्या. अर्ध्या तासात पोपटी खाल्लेल्या प्रत्येकाची गादी उघाडीच्या बांधाला टेकून उभी होती. फुलांची, पट्ट्यांची, एक लग्नातली गुलाबी साटीनची, अजून प्लॅस्टिक न काढलेली. एका गादीवर पोराने काढलेले नकाशे होते, ती बाजू बांधाकडे वळवून लावली. कुणी ती परत सरळ केली. परत वळवली गेली. मग जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी सगळ्या एकमेकींना बांधल्या. मी जाऊन अंग टाकून बघितलं. पेंढ्यापेक्षा झकास.

मग उठले, पट्ट्या बांधल्या, झेंडा झटकला. पाच खडे घेतले.

आता मजेचं सांगते. मला भीती होती की लोक निघून जातील. पहिल्या फेरीला बारा गाड्या सरळ पट्ट्यावरून उघाडीकडे सुटल्या आणि तिथून असा गलका उठला की मी इतक्या वर्षांत ऐकला नव्हता. सगळ्यांना कुठली गादी कुणाची ते ठाऊक होतं. अर्धे लोक ओरडत होते, "गुलाबीवर! गुलाबीवर जा रे!" आणि जिची गुलाबी होती ती नवी नवरी दोन्ही हात जोडून, "उजवीकडं घ्या हो! उजवीकडं!" हिराजीभाऊ आपल्या निळ्या गादीसमोर, दोरीच्या अलीकडे, पोलिसासारखे हात करून प्रत्येक गाडीला वळवत होते. एक गाडी फुलांच्या गादीला घासून गेली तर मालकाने छातीवर हात मारून घेतला आणि बाकीच्यांनी टाळ्या पिटल्या. घरी जायचं नाव कुणी काढेना. उलट झाडाखाली बसलेले उठून तिकडे गेले. मला आयुष्यभर वाटायचं, लोकांना माणूस पडलेला बघायचा असतो. तसं नसावं. काहीतरी जातंय की राहतंय एवढंच त्यांना बघायचं असतं. गादीही चालते.

चौथ्या फेरीला रुचिता तिसरी होती. सरळ पट्ट्यावर तिने एकाला मागे टाकलं आणि दुसऱ्याच्या आतून घुसायला गेली. माझ्या जागेवरून वळण लांब दिसतं, पण इंजिनचा आवाज मला कळतो. ब्रेकच्या आधी आवाज पडायला हवा होता, तो पडला नाही. उशिरा पडला. मागचं चाक आडवं झालं, आणि ती गाडीसकट निळ्या गादीत शिरली.

गादी फाटली. फाटली म्हणजे फुटलीच. कापसाचा एवढा मोठा लोट उठला की बांध दिसेना, उघाडी दिसेना, पोर दिसेना.

झेंडा धरणाऱ्याने जागा सोडू नये असाही एक नियम आहे. मी जागा सोडली. उरलेले दोन खडे कुठे पडले कुणास ठाऊक, झेंडा मी ह्यांच्या अंगावर फेकला. पोचले तेव्हा कापसातून एक पांढरा ढीग उठून बसत होता. ढीग शिंकला. दत्ताराम माझ्याआधी तिथं होता. त्याने तिचं हेल्मेट काढलं नाही, ऊठ म्हणाला नाही. फक्त म्हणाला, "हात वर कर."

तिने डावा केला. मग उजवा. दत्तारामने तो उजवा हात मनगटाला धरला, हळूहळू वर नेला, पार कानाला लावला, जरा वेळ तसाच ठेवला आणि सोडला.

"जा," म्हणाला. "फेरी बाकी हाय."

ती गेली. गाडीच्या हँडलला कापूस, नंबरच्या पाटीला कापूस, स्वतः तर म्हातारीच्या केसांचा गठ्ठा. सातवी आली. पहिला कोण आला ते ह्यांनी झेंडा पाडून बरोबर ठरवलं; मला विचाराल तर आठवत नाही. टाळ्या सगळ्यांत जास्त सातव्या नंबराला पडल्या. खालोखाल टाळ्या हिराजीभाऊंना, कारण ते रिकामी खोळ छातीशी धरून वाऱ्यावरचा कापूस गोळा करत फिरत होते आणि कुंदावहिनी मागून सांगत होत्या, "तो कोपऱ्यातला राह्यला. तो पण घ्या."

कमिटीने तिथंच, उभ्या उभ्या, वळणाचा नियम कायम केला. भारे नको, गाद्याच, असंही ठरलं. त्याला विरोध फक्त गाद्यांच्या मालकांनी केला आणि ते अल्पमतात होते. दत्ताराम निघताना माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. मी पहिल्यांदाच वर बघितलं. काहीतरी बोलायला हवं होतं, ते मी बोलले. काय बोलले ते इथं लिहीत नाही. त्याने मान हलवली आणि मागचं चाक हवा सोडतंय, उद्या येतो म्हणाला.

रामवाडीला आल्यावर रुचिता दुकानाच्या पायरीवर बसून चिमट्याने चेनमधला कापूस काढायला लागली. मी दिवा धरला. तिने अर्धी चेन साफ केली. मला वाटलं, आता रागावेल. आजीने सगळ्यांदेखत खुर्ची मांडून अब्रू घालवली म्हणेल. किंवा, काय सांगावं, गळ्यात पडून रडेल, आणि मग मीही जरा रडून घेईन. तिने चिमटा खाली ठेवला, भुवईवरचा कापूस पुसला आणि म्हणाली,

"आजी गो, पुढल्या वर्षी तिथं गाद्या डबल लाव. मग मी त्या वळणावर ब्रेकच मारणार नाय."